काचेच्या बरण्यांची क्रोशाची आवरणे : कोणता दोरा घ्यावा?

जॅम, मध किंवा कॉफी संपल्यावर उरणाऱ्या काचेच्या बरण्या धुऊन त्यांत मणी, बटणे, टिकल्या, भरतकामाच्या दोऱ्यांच्या लड्या आणि लेसचे तुकडे ठेवण्याची रीत हस्तकला करणाऱ्या बहुतेक घरांत आहे. या बरण्यांना क्रोशाचे आवरण विणायचे ठरवले की पहिला प्रश्न दोऱ्याचा येतो. दुकानात गेल्यावर बारीक मर्सराइज्ड (प्रक्रिया करून चकाकी आणलेला सुती) दोरा, चार पदरी सुती दोरा, ॲक्रिलिक लोकर आणि सुतळी असे चार पर्याय समोर येतात, आणि चारही दोऱ्यांची विणलेली आवरणे छायाचित्रांत सारखीच देखणी दिसतात. वापरात मात्र त्यांच्यात मोठे अंतर पडते. हे चारही दोरे मी याच कामासाठी वापरले आहेत. रोजच्या वापराच्या बरणीसाठी चार पदरी सुती दोरा घ्यावा, हे माझे मत सुरुवातीलाच सांगते. पुढे त्याची कारणे आहेत आणि इतर तीन दोरे कुठे उपयोगी पडतात तेही आहे.

दोऱ्याची पारख करण्याआधी आवरणाकडून नेमके काय हवे ते ठरवावे लागते. काचेची बरणी गुळगुळीत असते, आणि विणताना किंवा भरतकाम करताना एका हातात काम धरून दुसऱ्या हाताने बरणी उचलायची असते. तेव्हा आवरणाने बोटांना पकड दिली पाहिजे. फळीवर बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या जातात, खणात ढकलल्या जातात, तेव्हा काचेवर काच आपटू नये एवढी जाडी त्यात हवी. भरतकामाच्या रंगीत दोऱ्यांचा रंग उन्हाने उडतो, त्यामुळे खिडकीजवळ ठेवायच्या बरणीला थोडी सावलीही हवी. आणि हे सगळे साधून आतला माल बाहेरून दिसला पाहिजे, कारण काचेची बरणी आपण निवडली ती त्यासाठीच. पूर्ण बंद विणीचे आवरण घातले की बरणी आणि पत्र्याचा डबा यांत फरक उरत नाही, आणि हव्या त्या मण्यांसाठी प्रत्येक झाकण उघडून पाहावे लागते. माझ्या दृष्टीने या शेवटच्या कसोटीला सर्वांत जास्त वजन आहे.

बारीक मर्सराइज्ड दोऱ्यापासून सुरुवात करू. आपल्याकडे रुखवतात मांडले जाणारे जाळीदार रुमाल, तांब्यावर आणि पेल्यांवर घालायची मण्यांची झाकणे, दाराची तोरणे यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या हाच दोरा वापरला गेला आहे. अँकरचा ‘मर्सर क्रोशे’ या नावाने मिळणारा दोरा याच जातीचा. दोऱ्यावरचा क्रमांक जितका मोठा तितका दोरा बारीक, हे नव्याने शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. 20 क्रमांकापेक्षा 40 क्रमांकाचा दोरा पातळ असतो आणि त्याला सुईही अधिक बारीक, पोलादी लागते. या दोऱ्याची चकाकी मर्सरायझेशन या प्रक्रियेतून येते. लँकेशायरमधील जॉन मर्सर यांना 1844 मध्ये असे आढळले की सुती धाग्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केली की तो फुगतो, मजबूत होतो आणि रंग चांगला धरतो. त्यांनी 1850 मध्ये त्याचे पेटंट घेतले. धागा ताणून धरून हीच प्रक्रिया केली तर तो आटत नाही आणि त्याला रेशमासारखी झळाळी येते, हे पुढे 1890 च्या सुमारास होरेस लोव यांनी दाखवले. बरणीच्या आवरणासाठी या इतिहासाचा सरळ उपयोग असा, की मर्सराइज्ड दोऱ्याचे आवरण धुतल्यावर साध्या सुती आवरणापेक्षा कमी आटते आणि त्याचा रंगही जास्त टिकतो.

देखणेपणात या दोऱ्याचा हात कोणी धरणार नाही. काचेवर त्याची जाळी रेखीव उठून दिसते आणि आतल्या काचमण्यांचा रंग जाळीतून स्वच्छ झळकतो. पण पकड आणि जाडी या दोन्ही बाबतींत तो कमी पडतो. तलम जाळी काचेला चिकटून बसते, बोटांना आधार मिळत नाही, आणि दोन बरण्या एकमेकींवर आपटल्या तर मधे असून नसल्यासारखीच असते. बारीक दोऱ्याचे विणकाम आकारात राहावे म्हणून त्याला साबुदाण्याची किंवा मैद्याची खळ देण्याची आपली पद्धत आहे, पण खळ दिलेल्या कापडाला पावसाळ्यात कसर लागते, आणि हस्तकलेच्या सामानाच्या फळीवर कसर येऊ देणे म्हणजे शेजारच्या सगळ्या लेस आणि लड्या धोक्यात घालणे आहे. शिवाय चार पदरी दोऱ्याच्या आवरणाला लागतो त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ या कामाला सहज लागतो. दिवाणखान्यात मांडून ठेवायच्या, क्वचित उघडायच्या बरणीसाठी किंवा भेट द्यायच्या बरणीसाठी हा दोरा उत्तम आहे. रोज हाताळायच्या बरणीसाठी मी तो सुचवणार नाही.

आता चार पदरी सुती दोरा. अँकरचा हा दोरा दुकानात ‘निटिंग कॉटन’ म्हणून मागावा. तो 20 ग्रॅमच्या गोळ्यांत मिळतो, आणि पुण्यात तुळशीबाग व रविवार पेठ किंवा मुंबईत भुलेश्वर अशा ठिकाणी रंगांची निवडही भरपूर असते. इतर कंपन्यांचेही याच जाडीचे दोरे आहेत. पदर समान पिळलेले आहेत का आणि बोटांवर कापसाची लव निघते का, एवढे दुकानातच दोरा ओढून पाहावे. मध्यम बरणीचे एक आवरण एका गोळ्यात आरामात होते आणि छोट्या बरणीपुरता दोरा उरतो. मोठी बरणी असेल तर दोन गोळे एकदम घ्यावेत आणि वेष्टणावरचा डाय लॉटचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या घाण्याचा, क्रमांक दोन्हींवर एकच आहे हे तपासावे, कारण एकाच रंगाच्या दोन घाण्यांतला किंचित फरक उभ्या बरणीवर आडव्या पट्ट्यासारखा दिसतो.

या दोऱ्याचा खरा गुण असा की त्याला अंग आहे. अडीच मिलिमीटरच्या सुईने विणले की खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, गोल, भरीव उभे राहतात, बोटे त्यांवर अडतात आणि बरणी हातातून निसटत नाही. सुती दोरा फारसा ताणला जात नाही, त्यामुळे माप काटेकोर घ्यावे लागते, पण एकदा माप जमले की आवरण महिनोन्‌महिने सैल पडत नाही. माझ्या हाताने या दोऱ्याचे आणि या सुईचे दहा सेंटिमीटरमध्ये साधारण चोवीस खांब बसतात. सात सेंटिमीटर व्यासाच्या बरणीचा घेर बावीस सेंटिमीटर होतो. आवरण त्यापेक्षा थोडे लहान, म्हणजे वीस सेंटिमीटर घेराचे ठेवले की ते बरणीवर ताणून नीट बसते. वीस सेंटिमीटरला अठ्ठेचाळीस खांब लागतात, आणि ही संख्या बुडाच्या चकतीशी सुरेख जुळते : पहिल्या फेऱ्यात बारा खांब, दुसऱ्यात प्रत्येक खांबात दोन घालून चोवीस, तिसऱ्यात एकाआड एक वाढवून छत्तीस, चौथ्यात दर तिसऱ्या खांबात दोन घालून अठ्ठेचाळीस. ज्यांचा हात घट्ट आहे त्यांनी सुई पाव ते अर्ध्या मिलिमीटरने मोठी घ्यावी; खांबांची संख्या बदलू नये, नाहीतर पुढची जाळी जुळत नाही.

चकती झाल्यावर बाजू उभी करण्यासाठी पहिला फेरा खांबांच्या डोक्यावरच्या दोन धाग्यांपैकी फक्त मागचा धागा उचलून विणावा. त्यामुळे बुडाला स्पष्ट कड येते आणि बरणी डगमगत नाही. त्यानंतरचा एक फेरा बंद खांबांचा ठेवावा. मग एक खांब, दोन साखळ्या, पुढचे दोन खांब सोडून तिसऱ्यावर पुन्हा खांब, अशी चौकटींची जाळी घ्यावी. अठ्ठेचाळीसला तीनने भाग जातो, त्यामुळे फेऱ्यात बरोबर सोळा चौकटी येतात आणि शेवटी ओढाताण करावी लागत नाही. प्रत्येक चौकटीतली मोकळी जागा पाऊण-एक सेंटिमीटरची होते, आणि एवढ्या जागेतून आतले बटण दोन भोकांचे आहे की चार भोकांचे हेही दिसते. खांद्याजवळ पुन्हा दोन बंद फेरे आणि मानेपाशी नाडी ओवण्यापुरता नेफा, एवढे पुरते. नाडीही त्याच दोऱ्याच्या साखळीची करावी. बाजारात मिळणारे बारीक इलास्टिक सुरुवातीला सोयीचे वाटते, पण आपल्या उन्हाळ्यात ते काही काळाने कडक होऊन तुटते आणि मग आवरण खाली घसरते.

भरतकामाच्या लड्यांची बरणी उजेडात ठेवायची असेल तर जाळीचा भाग एका बाजूला अरुंद खिडकीएवढाच ठेवून बाकीचे आवरण बंद विणावे, आणि ती खिडकी भिंतीकडे नव्हे पण प्रकाशाच्या उलट बाजूला येईल अशी बरणी ठेवावी. चौकोनी बुडाच्या कॉफीच्या बरणीला गोल चकती चालत नाही; तिथे मधल्या वर्तुळापासून चार कोपरे काढून, प्रत्येक कोपऱ्यावर दोन खांब, दोन साखळ्या, दोन खांब असा चौकोन वाढवावा लागतो. चार पदरी दोऱ्यात हे कोपरे ठसठशीत उमटतात. बारीक दोऱ्यात ते ओघळतात आणि लोकरीत मऊ पडतात, हेही या दोऱ्याच्या बाजूने मोजावे लागेल.

या दोऱ्यात उणिवा नाहीत असे नाही. सुईचे टोक अणकुचीदार असेल तर त्याचे पदर फाटतात आणि एखादा पदर टाक्याबाहेर राहून जातो. पुढे त्याच पदरात मण्याची तार किंवा सुई अडकते. गडद लाल, मरून आणि निळा या रंगांची खात्री करून घ्यावी. दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून ठेवला की रंग जातो का ते कळते, आणि पांढऱ्या दोऱ्याबरोबर जोडकाम करण्याआधी ही परीक्षा घ्यायलाच हवी. साध्या, मर्सराइज्ड नसलेल्या सुती दोऱ्याचे आवरण पहिल्या धुण्यात आटते, म्हणून ते ओलसर असतानाच बरणीवर चढवून तिथेच वाळू द्यावे.

ॲक्रिलिक लोकर स्वस्त आहे, सहज मिळते, रंगांची तर कमतरताच नाही, आणि ती ताणली जात असल्यामुळे माप थोडे चुकले तरी आवरण बरणीवर बसते. नुकते क्रोशे शिकू लागलेल्या मुलामुलींनी पहिले आवरण लोकरीचेच करावे, कारण टाके मोठे असतात, डोळ्यांना दिसतात आणि उसवून पुन्हा विणले तरी लोकर तक्रार करत नाही. जड बरणीला तिची गादीही चांगली मिळते. पण हस्तकलेच्या सामानाजवळ लोकरीचा स्वभाव अडचणीचा ठरतो. तिची लव चमकी, कातरलेल्या दोऱ्यांचे तुकडे आणि धूळ स्वतःकडे ओढून घेते, आणि चमकीची बरणी भरताना सांडलेले कण त्या लवेतून झटकून निघत नाहीत. जाळी विणली तरी चौकटींच्या कडा लवेने भरून जातात आणि आतले सामान धूसर दिसते. वापरून वापरून तिच्यावर गोळे येतात. ती ताणलेली राहिली की हळूहळू सैल होते, आणि गुळगुळीत काचेवरून आवरण गोल फिरू लागते, त्यामुळे झाकण उघडताना बरणी आतल्या आत वळते आणि झाकण जागचे हलत नाही. गरम इस्त्री लागली तर ती वितळते, हे शिवणकामाच्या टेबलावर ठेवणाऱ्यांनी विसरू नये. दमट हवेत मात्र ती सुतापेक्षा सरस आहे, कारण ती ओलावा धरत नाही. कोकणात किंवा मुंबईत जिथे भिंतींना ओल येते तिथे पावसाळ्यापुरते लोकरीचे आवरण हा समंजस पर्याय आहे.

सुतळीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तिचा गावरान रंग आणि पोत छायाचित्रात छान दिसतो, पण विणताना बोटे सोलवटतात, तंतू झडत राहतात आणि ते बारीक मण्यांत मिसळतात. ताग कातण्याआधी त्याला तेल लावून मऊ करतात, त्याचा वास काही सुतळ्यांना बराच काळ येत राहतो आणि तो लेसला लागतो. ब्रश, कात्र्या, पट्ट्या अशा खरखरीत सामानाच्या उघड्या बरणीला सुतळीचे नुसते दोन-तीन फेरे शोभून दिसतात. पूर्ण आवरण करू नये. मॅक्रमेसाठी, म्हणजे गाठींच्या विणकामासाठी, मिळणारी जाड सुती दोरी याहून बरी, पण तिचे आवरण बरणीइतकेच जड होते आणि फळीवर जागा अडवते.

सुईबद्दल थोडे. चार पदरी दोऱ्याला अडीच किंवा तीन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची सुई योग्य. पोनी कंपनीच्या सुया बहुतेक दुकानांत मिळतात आणि त्यांचे टोक बोथट, गुळगुळीत असल्यामुळे पदर फाटत नाहीत. सलग तासन्‌तास विणणाऱ्यांनी जाड, मऊ मुठीची सुई घ्यावी. जपानमधील हिरोशिमाच्या ट्यूलिप कंपनीची एटिमो ही त्या प्रकारातली नावाजलेली सुई आहे. तिची किंमत साध्या सुईच्या कितीतरी पट असते, आणि केवळ बरण्यांच्या आवरणांसाठी एवढा खर्च करण्याची गरज नाही. अंगठ्याच्या सांध्यात दुखत असेल तर मात्र तो खर्च सार्थकी लागतो.

तयार आवरणे विकत घ्यावीत का, असेही पुष्कळजणी विचारतात. प्रदर्शनांतून आणि ऑनलाइन मिळणारी तयार आवरणे बहुतेक वेळा एका ठरावीक मापाची असतात, त्यांना बूड नसते, आणि आपल्या घरातल्या जॅमच्या व मधाच्या बरण्या एका मापाच्या कधीच नसतात. बूड नसलेले आवरण बरणी उचलली की वर सरकते आणि फळीवर काच घासते ती घासतेच. तुमची बरणी सोबत नेऊन मापाने विणून देणारी विणकर ओळखीची असेल तर तिच्याकडूनच करून घ्यावे. हाताने विणलेली क्रोशाची वस्तू यंत्रावर होत नाही, प्रत्येक टाका कोणाच्या तरी बोटांतून गेलेला असतो. आंध्र प्रदेशातील नरसापूर परिसरात हजारो स्त्रिया घरी बसून क्रोशाची लेस विणतात. त्या लेसला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एवढ्या जुन्या आणि नावाजलेल्या केंद्रातही विणणाऱ्या हाताला मिळणारी मजुरी हा कायमचा कळीचा प्रश्न राहिला आहे. म्हणून एखादे आवरण आश्चर्य वाटावे इतके स्वस्त मिळत असेल, तर त्यात दोऱ्याचे दाम वजा जाता विणणारीच्या वाट्याला किती उरले असेल याचा हिशेब करावा, आणि मापाने विणून देणाऱ्या बाईशी घासाघीस करू नये.

आवरण कितीही चांगले झाले तरी बरणी तयार नसेल तर त्याचा उपयोग नाही. लेबलचा चिकटा कोमट पाण्यात भिजवून, मग खोबरेल तेल आणि खाण्याचा सोडा एकत्र चोळून निघतो. तो राहिला तर आवरणाच्या आतल्या बाजूला चिकटून तिथे काळा पट्टा धरतो. काठाला टवका गेलेली बरणी वापरूच नये. काचेला वास राहत नाही, पण झाकणाच्या आतील रबरी थराला लोणच्याचा वास वर्षभरही राहतो, आणि असे झाकण लेसच्या बरणीला लावले तर लेसला मोहरीचा वास येतो. लोणच्याच्या बरण्यांची झाकणे म्हणून बदलावीत किंवा त्या बरण्या फक्त बटणांसाठी ठेवाव्यात. पत्र्याची झाकणे पावसाळ्यात काठाशी गंजतात. सुया, टाचण्या आणि जरीचे सामान ठेवायचे असेल तर प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाची कॉफीची बरणी निवडावी आणि आत सिलिका जेलची पुडी टाकावी, कारण सुया ओलाव्याने गंजतात आणि हवा लागत राहिली की जर काळी पडते.

सुती आवरणे पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, सौम्य साबणाच्या पाण्यात हाताने धुवावीत, पिळू नयेत, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि सावलीत सपाट वाळवावीत. श्रावणात हवा सतत दमट असते तेव्हा बुडाच्या चकतीला बुरशीचे करडे ठिपके येतात, कारण फळी आणि बरणी यांच्या मधे तिला वारा लागत नाही. त्या दिवसांत बरण्या फळीवर थेट न ठेवता बांबूच्या जाळीच्या तबकात ठेवाव्यात. उन्हाळ्यात विणायला घेतलेल्यांनी एकाच मापाच्या बरण्यांना एकेक आवरण जास्तीचे करून ठेवावे, म्हणजे धुतलेले वाळेपर्यंत मण्यांची बरणी उघडी राहणार नाही.